यंत्र चालू आहे का गं?

आबांच्या आवाजाच्या माझ्याकडे ५३ फाइली आहेत. बहुतेक सगळ्या एकाच वाक्याने सुरू होतात : "यंत्र चालू आहे का गं?" सगळं मिळून ४१ तास भरतात. आबा ९२ वर्षं जगले, म्हणजे साधारण ३३,६०० दिवस. त्यातले दोन दिवसही धड माझ्या हाती लागलेले नाहीत. हा हिशेब मी ते गेल्यावर केला. आधी केला असता तर बरीच मुकाट्याने ऐकत बसले असते.

सुरुवात केली २०२१मध्ये, त्यांना नव्वदावं लागून गेलं होतं तेव्हा. घरातल्या प्रत्येकाच्या तोंडी एक वाक्य वर्षानुवर्षं होतं, "आबांच्या आठवणी कोणीतरी लिहून ठेवायला हव्यात." हा "कोणीतरी" काही येईना, म्हणून मी बसले. तयारी भरपूर केली. ६४ प्रश्न काढले, जन्मापासून निवृत्तीपर्यंत सालवार. तिपाईवर कॅमेरा लावला. आबांनी कॅमेरा पाहिला, आत गेले, कोट घालून आले आणि ताठ बसले. पुढचा अर्धा तास असा :

"आबा, तुमचा जन्म?"
"झाला."
"शाळा कशी होती?"
"शाळेसारखी."

सातव्या प्रश्नापर्यंत त्यांना माझी दया आली असावी, कारण मग त्यांनी भाषण सुरू केलं. "त्या काळी परिस्थिती फार बिकट होती" छापाचं. सत्काराला उत्तर देतात ना, तसं. मी ते चित्रीकरण अजून पुसलेलं नाही, पण कोणाला दाखवतही नाही.

दुसऱ्या खेपेला कॅमेरा गेला. आवाज टिपणारं छोटं यंत्र तेवढं टेबलावर राहिलं. पंखा बंद, खिडकी बंद, यंत्राखाली घडी केलेला रुमाल, कारण आबा बोलताना टेबलावर बोटं वाजवत आणि ती टकटक आवाजात मिसळे. वेळ सकाळी दहा-साडेदहाची. दुपारनंतर ते दमत आणि मग प्रत्येक गोष्ट "असो" या शब्दावर संपे. पाऊण तासाच्या वर एकदाही ताणायचं नाही, हे मी दोन-तीनदा ताणून झाल्यावर शिकले.

आणि कान. याबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण आम्ही सगळ्यांनी इथे आबांवर थोडा अन्याय केला. शेवटच्या चार-पाच वर्षांत घरात ठरून गेलं होतं की आबांना आता आठवत नाही, विचारावं एक तर सांगतात भलतंच. पहिल्या काही फाइली ऐकताना माझ्या लक्षात आलं की भलतं उत्तर बहुतेक वेळा माझ्याच प्रश्नांना येतंय. बाबा मध्ये काही बोलले तर उत्तर नेमकं. वयाबरोबर ऐकू येणं कमी होतं ते आधी उंच पट्टीतलं. स, श, फ, त असल्या व्यंजनांमधला बारीक फरक पुसट होतो, स्वर मात्र ऐकू येत राहतात. त्यामुळे कोणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज आधी हरवतात. माझा आवाज मुळात बारीक, त्यात मी घाईने बोलणारी. मोठ्याने ओरडून उपयोग नसतो, उलट आवाज फाटतो. मग मी समोर, उजेडात, माझे ओठ त्यांना दिसतील अशी बसू लागले, आवाज खाली आणला, वाक्यं तोडून बोलू लागले. "विसरलेले" आबा तिसऱ्या आठवड्यात परत आले. ज्या माणसाला आम्ही हळूहळू संभाषणातून बाद करत होतो, तो सगळं लक्षात ठेवून बसला होता. कोणी ऐकू येईल असं विचारत नव्हतं, एवढंच.

प्रश्नावलीही मी अखेर फाडली. (फाडली म्हणजे वहीत मिटून ठेवली. पूर्ण सोडवत नव्हती. पुढे ती मला नडली.) तिच्याऐवजी फोटो आणले. जुन्या पेटीत तीनशेच्या वर फोटो होते, बहुतेकांच्या मागे काही लिहिलेलं नाही. "यात कोण कोण आहे?" असं विचारलं की नावांची यादी मिळते आणि गाडी तिथेच थांबते. एकदा सहज विचारलं, "हा काढला कोणी?" आणि आबा एकदम खुलले. कारण फोटो काढणारा फोटोत नसतो, आणि त्यांच्या तरुणपणचा सगळ्यात जवळचा मित्र नेमका तोच होता. त्याचा एकही फोटो नाही आणि त्याने काढलेले चाळीस आहेत. या माणसाचं नावही आम्ही कधी ऐकलं नव्हतं.

दुसरी युक्ती उपयोगी पडली ती घराच्या नकाशाची. आबांच्या काही गोष्टी ठरलेल्या होत्या. पाठ केल्यासारख्या, त्याच शब्दांत, त्याच ठिकाणी थांबून. सगळ्यांत लाडकी घड्याळाची. "१९५२ साली मला नोकरी लागली. पहिल्या दिवशी निघालो तर वडिलांनी स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढलं, माझ्या हाताला बांधलं आणि म्हणाले, आता वेळ तुझी." शेवटचे तीन शब्द आम्ही नातवंडं त्यांच्याबरोबर म्हणत असू. ते घड्याळ शेवटपर्यंत त्यांच्या डाव्या हातावर होतं, रोज सकाळी किल्ली द्यायचं. अशा गोष्टी ऐकायला छान, पण शंभरदा सांगून त्या इतक्या गुळगुळीत झालेल्या असतात की त्यांच्या आत शिरायला फटच राहत नाही. फ्रेडरिक बार्टलेट या मानसशास्त्रज्ञाने १९३२मध्येच लिहून ठेवलंय की आठवणं म्हणजे कपाटातून वस्तू काढणं नव्हे, दर वेळी माणूस ती नव्याने रचतो. आबांनी मात्र रचणं कधीच संपवलं होतं. आता ते फक्त म्हणून दाखवत.

म्हणून मी त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि लहानपणीचं घर काढायला सांगितलं. "मला चित्र येत नाही," म्हणाले. मी म्हटलं, नुसत्या भिंती काढा, दारं दाखवा. पेन्सिल धरलेला हात थरथरत होता, पण दार कुठल्या बाजूला उघडायचं याबद्दल हात ठाम होता. जिना आला. जिन्याखालची अंधारी जागा आली. तिथे पेन्सिल थांबली आणि आबा म्हणाले, "इथे मी लपून रडायचो." कशासाठी, ते पुढची वीस मिनिटं सांगितलं. ती गोष्ट कोणीही, आजीनेसुद्धा, ऐकलेली नव्हती. इथे मी ती सांगणार नाही, पण तिच्यात घासून गुळगुळीत झालेलं एकही वाक्य नव्हतं. अडखळत, मागेपुढे होत, चुकत आणि दुरुस्त करत आली.

एक गोष्ट मला लागली, तीही सांगून टाकते. साधारण तीस तास झाल्यावर मी आठवणींची वयवार यादी केली. दोन तृतीयांश आठवणी त्यांच्या बारा ते तीस या वयातल्या निघाल्या. निवृत्तीनंतरची तीसेक वर्षं, ज्यात आम्ही नातवंडं जन्मलो, त्यांच्या खांद्यावर वाढलो, ती जेमतेम दीड तासात संपली. माझा उल्लेख एकूण चारदा, त्यातला एक "यंत्र" या संदर्भात. मी दोन दिवस फुगून होते. मग वाचनात आलं की हे जवळपास सगळ्यांचंच असतं. उतारवयातल्या माणसांना आयुष्याविषयी मोकळं विचारलं तर दहा ते तीस या वयातल्या आठवणींचा उंचवटा दिसतो. डेव्हिड रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६मध्ये हे नीट मांडून दाखवलं. पहिली नोकरी, पहिलं प्रेम, पहिला मृत्यू, सगळं पहिलं तिथेच असतं. आपण कोण हे तिथेच ठरतं. हे समजल्याने राग गेला, खंत पूर्ण गेली नाही. माझ्या आठवणींत आबा पहिल्या पानापासून आहेत. त्यांच्या आठवणींत मी परिशिष्ट.

काही गोष्टी त्यांनी सांगितल्या नाहीत. आत्याच्या आधी एक मुलगी होती, ती दोन वर्षांची होऊन गेली. तिच्यापाशी दोनदा आले, दोन्ही वेळा म्हणाले, "बंद कर ते." मी बंद केलं. पहिल्या वेळी यंत्र बंद झाल्यावरही गप्प राहिले. दुसऱ्या वेळी बोलले. ते माझ्यापाशी आहे, पण फाइलीत नाही आणि कागदावरही येणार नाही. रॉबर्ट बटलर या डॉक्टरांनी १९६३मध्ये असं मांडलं की म्हातारपणी मागचं आठवत बसणं हे बुद्धी सुटल्याचं लक्षण नव्हे, माणूस त्यात स्वतःच्या आयुष्याचा निवाडा करत असतो. निवाडा चालू असताना साक्षीदाराने किती नोंदवावं, याचं उत्तर मला कुठल्या पुस्तकात मिळालं नाही.

२०२३मध्ये आबा गेले. झोपेत, फारसा त्रास न होता. ५३वी फाइल त्याच्या नऊ दिवस आधीची. तिचा शेवट "उरलेलं पुढच्या वेळी" असा आहे आणि तो आवाज माझा आहे.

चार महिने मी एकही फाइल उघडली नाही. त्या काळात श्रद्धांजलीचे चार परिच्छेद मात्र लिहावे लागले. ते लिहून वाचले आणि लाज वाटली. प्रेमळ, शिस्तप्रिय, कष्टाळू, सगळ्यांचे आधारवड. नाव बदललं की कोणाच्याही आजोबांना चालले असते. विशेषणं म्हणजे माणूस नीट न पाहिल्याची पावती असते, असं माझं तेव्हापासून मत झालंय. आबा शिस्तप्रिय म्हणजे काय? तर चपला दाराशी टाचा भिंतीकडे करून ठेवायचे, म्हणजे जाताना वळावं लागू नये. प्रेमळ म्हणजे काय? ते तर माणसागणिक बदलत होतं. मी बाबांना काही फाइली ऐकवल्या तेव्हा ते म्हणाले, "हे गृहस्थ माझ्या ओळखीचे नाहीत. माझे वडील इतकं बोलायचे नाहीत." बाबांच्या लहानपणीचे आबा संध्याकाळी घरात शिरले की घर गप्प होई. आमचे आबा आम्हाला पाठीवर घेऊन घोडा होत. एकाच माणसाच्या दोन पिढ्यांनी दोन वेगळ्या आठवणी वाटून घेतलेल्या. बाबांचा वाटा कमी आला, हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा बोलून दाखवलं.

मग लिहून काढणं. त्यात वर्ष गेलं. एक तासाचं बोलणं शब्दन् शब्द उतरवायला पाच-सहा तास लागतात, आबांच्या बाबतीत सातही लागत, कारण ते वाक्य अर्धवट सोडून हाताने पूर्ण करत आणि हात फाइलीत नाही. आपोआप लिहून देणाऱ्या सोयी वापरून पाहिल्या. नव्वदीतल्या कापऱ्या आवाजापुढे त्यांनी हात टेकले. सुरुवातीला मी त्यांची वाक्यं नीटनेटकी करत होते. पन्नासेक पानांनंतर वाचलं तर आबांच्या तोंडून मीच बोलत होते. सगळं परत केलं. "म्हंजे", "काय झालं की", "तर ते जाऊ दे", सगळं जागच्या जागी ठेवलं.

फोटोंचं थोडक्यात सांगते. चिकटपट्टीच्या पानांचे आल्बम घात करतात, त्यातून काढता येतील ते फोटो हळूच काढले. मागे नावं लिहिली ती मऊ पेन्सिलीने, बॉलपेनने नाही, त्याचा दाब आणि शाई पुढच्या बाजूला उमटते. ६०० डीपीआयने स्कॅन केले. सगळ्याच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. कंटाळवाणं काम आहे, पण दुःखात हातांना काम हवं असतं आणि हे काम विचार करायला लावत नाही.

याच दिवसांत घड्याळ बंद पडलं. रोज किल्ली द्यायचं काम माझ्याकडे होतं, एक दिवस ती फिरेना. दुरुस्ती करणाऱ्याने मागचं झाकण उघडलं आणि भिंगातून बघत विचारलं, "कधीचं म्हणालात?" मी गोष्ट सांगितली, तीन शब्दांसकट. तो हसला नाही. म्हणाला, "बाई, या यंत्रावर क्रमांक आहे. हे साधारण १९६२च्या सुमाराचं. आधीचं नाही." झाकणाच्या आत जुन्या कारागिरांनी सुईने ओरखडलेल्या खुणा असतात, दुरुस्ती केली की तारीख टाकायची त्यांची पद्धत. भिंगातून मलाही दाखवल्या. सगळ्यांत जुनी १९६६ची.

पणजोबा १९५७ साली गेले.

मी घरात विचारलं. आत्या चिडली, "आबा आयुष्यात खोटं बोलले नाहीत, त्या दुरुस्तीवाल्याला काय कळतंय." बाबा म्हणाले, वेळ दाखवतंय ना, झालं. आजी आधीच गेलेली. मला मात्र कुठेतरी आठवत होतं की आबा एकदा याबद्दल काही बोलायला लागले होते. शोधत शोधत १७वी फाइल सापडली. तिसाव्या मिनिटाच्या पुढे आबा म्हणतात, "हे घड्याळ म्हंजे... मूळचं नव्हे ते. मूळचं..." आणि त्यांच्या शब्दावर चढून माझा आवाज : "आबा, घड्याळाची गोष्ट झालीय आपली. बदली कोणत्या साली झाली?" चार सेकंद काही नाही. पाठीमागे कोणीतरी खोकतं. मग आबा आज्ञाधारक मुलासारखे म्हणतात, "एकोणसत्तर."

ती वही. तो न फाडलेला प्रश्नक्रमांक ३८.

किती वेळा ऐकलं असेल ते मोजलं नाही. साठ-सत्तर वर्षं तेच शब्द म्हणणारा माणूस एकदा, फक्त एकदा, पाठांतर सोडून खरं सांगायला निघाला आणि मी त्याला साल विचारलं. मला ते साल आधीच ठाऊक होतं. पडताळून पाहायचं होतं म्हणे.

कच्चा मजकूर तयार झाला तेव्हा घड्याळाच्या जागी मी दोन्ही गोष्टी छापल्या. वर आबांचं पाठ वाक्य, खाली यंत्रावरच्या क्रमांकाची नोंद आणि १७व्या फाइलीतला तो तुकडा, माझ्या व्यत्ययासह. आत्याने "हे कशाला?" म्हणून दोन दिवस फोन घेतला नाही. मोठा समास सोडून नऊ प्रती काढल्या आणि प्रत्येक घरी एक प्रत, एक पेन्सिल पाठवली. जे चूक वाटेल ते खोडू नका, बाजूला लिहा, एवढंच सांगितलं.

प्रती परत येऊ लागल्या. चुलत भावाने शुद्धलेखन तपासून पाठवलं होतं, दुसरं काही नाही. आत्याने पानोपानी लिहिलं होतं, काही ठिकाणी समास पुरला नाही म्हणून कागद जोडले होते. बाबांच्या प्रतीत एकच ओळ, घोडा होण्याच्या प्रसंगाशेजारी : "मलाही एकदा घेतलं होतं. ताप होता तेव्हा."

शेवटची प्रत धाकट्या आबांची, दोन महिन्यांनी आली. आबांचे भाऊ, त्यांच्याहून १४ वर्षांनी लहान. मुळात कमी बोलणारे. पानं चाळली, कुठेच काही नाही. घड्याळाच्या पानावर मात्र समास वरपासून खालपर्यंत भरलेला, अक्षर बारीक आणि सरळ :

"मूळचं माझ्याकडून गेलं. १९६२. परीक्षेला दादाने हातातलं काढून मला दिलं होतं. तोंड धुताना काढून ठेवलं, परत गेलो तर नव्हतं. दादा दोन महिने काही न बांधता कामावर गेला. आईला म्हणाला, दुरुस्तीला टाकलंय. मग तशाच तबकडीचं हे घेऊन आला. मला बाजूला घेऊन म्हणाला, आजपासून हेच ते. आई होती तोवर आणि आई गेल्यावरही."

मी माझी नोंदवही काढली. प्रत्येक वेळी तारीख आणि खोलीत कोण होतं ते लिहून ठेवायची सवय मी लावून घेतली होती, ती तेवढी कामाची निघाली. फाइल १७ : आबा, मी, धाकटे आबा. खोकणारे तेच होते. आबा त्यांच्यासमोर सांगायला निघाले होते, की त्यांच्याकडे पाहून थांबले होते आणि माझा आगाऊ प्रश्न त्यांना सुटकेसारखा वाटला, हे मला त्या चार सेकंदांतून अजून कळलेलं नाही.

धाकट्या आबांना फोन केला. आता तेही ऐंशीला टेकलेत, म्हणून आवाज खाली आणला, तोडून तोडून बोलले. "तुम्ही लिहिलंय ते छापू का? नको असेल तर राहू दे."

पलीकडे शांत. मी या वेळी काहीही बोलले नाही.

"छाप," ते म्हणाले. "ओरडायला आता कोण उरलंय?"

आणि थोड्या वेळाने, "दादा तर तेव्हाही ओरडला नव्हता."